दुष्काळाच्या वाटेवरून : मनमाड ते मिरज

सोमवार, मनमाड

मनमाडचं पाणी हा विषय ऐकून माहीत होता, पण मे महिन्यात गावातल्या गल्ल्यांतून चालल्यावरच तो नीट कळतो. दारोदारी निळी पिंपं, गच्च्यांवर टाक्या, आणि ज्यांना परवडलं त्यांच्या अंगणात जमिनीखाली हौद. नळ पुन्हा कधी येणार याचा अंदाज इथल्या बायका पंधरवड्याच्या हिशेबाने बांधतात. एका अंगाला अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले, जवळच हडबीच्या शेंडीचा सुळका आणि मध्ये रेल्वेच्या जिवावर वाढलेलं हे गाव.

प्रवासाची सुरुवात इथून करायचं कारण फादर व्हिन्सेंट फेरर. जेझुइट या कॅथलिक संघाचे हे बार्सिलोनाचे धर्मगुरू १९५२ मध्ये मुंबईत उतरले आणि त्या दशकाच्या अखेरीस मनमाडला आले. गुजराण पावसावर, पाऊस बेभरवशाचा आणि विहीर खणायला पैसा नाही, अशी आसपासच्या शेतकऱ्यांची स्थिती होती. फेरर यांनी काढलेला मार्ग सरळ होता. शेतकऱ्याने आपल्या रानात विहीर खणायची. खोदकाम चालू असताना त्याच्या घरची चूल पेटती राहावी म्हणून गहू आणि तेल संस्थेने पुरवायचं. पाणी लागून पीक हाती आलं की कर्ज फेडायचं, आणि त्या पैशातून पुढच्याची विहीर. दान घेतलं की माणसाची मान खाली जाते. इथे घेणारा माणूस स्वतःच्या विहिरीत उभा राहून घाम गाळत होता, म्हणून ती ताठ राहिली.

मग १९६८ आलं. हा परदेशी पाद्री शेतकऱ्यांना आपल्यामागे ओढतोय, धर्म बदलायला लावील, असा संशय वाढत गेला आणि त्यांना देश सोडण्याचा हुकूम निघाला. त्यावर हजारो शेतकरी मनमाडहून मुंबईकडे पायी निघाले. ज्यांच्यासाठी काम केलं तीच माणसं आपल्यासाठी अडीचशे किलोमीटर चालायला तयार होतात, हे किती समाजसेवकांच्या वाट्याला येतं? इंदिरा गांधींनी मार्ग काढला : फादर थोड्या दिवसांच्या सुट्टीवर परदेशी जातील आणि भारत त्यांचं पुन्हा स्वागत करील. ते १९६९ मध्ये परतले, पण महाराष्ट्रात नाही. आंध्रातल्या अनंतपूरला गेले, आणि मनमाडचे काही कार्यकर्ते त्यांच्याबरोबर गेले. पुढे त्यांनी जेझुइट संघ सोडला, लग्न केलं. २००९ मध्ये अनंतपूरलाच वारले. अनंतपूरमध्ये त्यांचं नाव घरोघरी आहे. मनमाडमध्ये मात्र तरुण मुलांना ते सांगावं लागतं, आणि मला हे फार लागलं. अनंतपूरला जे मिळालं त्याची पहिली आखणी आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कोरड्या रानात झाली होती.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा पट्टा मनमाडपासून खाली नगर, जामखेड, दौंड असा उतरत जातो. इथे पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ पडत आले, आणि दर मोठ्या दुष्काळात कुणीतरी ख्रिस्ताचं नाव घेऊन भुकेल्यांना जेवू घालायला पुढे आलं. धर्मांतराच्या वादात ही गोष्ट बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते. मला पाहायचं होतं ते असं, की अन्नछत्रापासून निघालेलं हे काम पाण्यापर्यंत कसं पोचलं, आणि शेवटी कुणाच्या हातात गेलं.

मंगळवार, दरेवाडी

येवला, कोपरगाव मागे टाकेपर्यंत खिडकीबाहेर गोदावरीच्या कालव्यांचा ऊस हिरवागार होता. संगमनेर तालुक्यात शिरून वर चढू लागलो तशी हिरवाई संपली आणि खडकाळ माळ सुरू झाला. इतक्या थोड्या अंतरात एवढा फरक पडतो, तो पावसामुळे कमी आणि कालव्यामुळे जास्त. धरणाचं पाणी जिथे पोचतं तिथे साखर कारखाने झाले. जिथे पोचत नाही तिथे टँकर आला.

दरेवाडी त्या टँकरवाल्या भागातलं गाव. इथल्या कामामागे आणखी एक जेझुइट होते, स्वित्झर्लंडचे फादर हरमन बाखर. १९४८ मध्ये भारतात आले आणि पुढचं अख्खं आयुष्य बहुतांशी नगर जिल्ह्यात घालवलं. नगरला त्यांनी सोशल सेंटर उभं केलं. आधी त्यांनीही विहिरी, कर्जं, शेतीची अवजारं असंच काम केलं. मग त्यांच्या लक्षात आलं की विहिरी वाढल्या तरी जमिनीत पाणीच मुरत नसेल तर सगळे मिळून तेच थोडं पाणी उपसत राहतात. उपाय विहिरीत नव्हता, डोंगरावर होता. त्यातून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. जर्मन सरकारचा पैसा, नाबार्ड या शेती-ग्रामविकास बँकेची साथ आणि गावाचं श्रमदान. १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट स्थापन केला. नावात कुठे चर्च नाही, संत नाही. धर्मगुरूंनी काढलेल्या संस्थेने धर्माचं नाव बाजूला ठेवून पाण्याचं नाव घेतलं, हा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. फेरर यांना जे सोसावं लागलं ते याच मुलखात, उण्यापुऱ्या पंचवीस वर्षांपूर्वी घडलं होतं.

दरेवाडीत १९९६ मध्ये काम सुरू झालं. पद्धत ‘माथा ते पायथा’. डोंगराच्या माथ्यापासून समतल चर खणत खाली यायचं, घळीत दगडांचे बांध घालायचे, शेतांना बांधबंदिस्ती करायची आणि मग सगळ्यात शेवटी ओढ्यावर बंधारा. उलट केलं, म्हणजे बंधारा आधी बांधला, तर पहिल्याच मोठ्या पावसात तो गाळाने भरतो. गावातल्या एका काकांनी मला वर नेऊन चर दाखवले. आता त्यांच्या कडेने झाडं उभी आहेत, आणि लांबून पाहिलं तर डोंगरावर आडव्या रेघा मारल्यासारख्या दिसतात. काका तेव्हा स्वतः टिकाव घेऊन होते. उतरताना एका विहिरीत डोकावले. मे महिन्यात तळाशी पाणी होतं.

एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली. डोंगरावर गवत यायचं तर चराईबंदी हवी, आणि चराईबंदीचा भार गावातल्या सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्या विहिरीला पाणी वाढतं. ज्याच्याकडे नुसत्या शेळ्या-मेंढ्या आहेत त्याला आधी जनावरं विकावी लागतात. पाणलोटाचं काम करणाऱ्यांना हे ठाऊक आहे, त्यावर त्यांच्यात चर्चाही होतात, भूमिहीनांना मजुरी आणि बायकांना बचत गट देऊन तोल साधायचा प्रयत्न होतो. तरी दरेवाडीसारख्या गावांचं कौतुक करताना मेंढपाळाने काय सोडलं तेही मोजायला हवं.

फादर बाखर २०२१ मध्ये गेले. वय सत्त्याण्णवच्या घरात होतं.

बुधवार आणि गुरुवार, नगर

लोणी, कोल्हार करत एसटी राहुरीला थांबली तेव्हा मुद्दाम पाच मिनिटं खाली उतरले. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई काही वर्षं राहुरीत होते. प्लेग, दुष्काळ, अनाथ मुलं हे सगळं त्या घराने जवळून पाहिलं. लक्ष्मीबाईंचं घर कायम परक्या लेकरांनी भरलेलं असे. मराठीतली इतकी मोठी लेखिका या धुळकट तालुक्याच्या गावात पदर खोचून कुणाकुणाची पोरं सांभाळत होती, हे स्टँडवरच्या गर्दीत उभं राहून आठवताना अंगावर काटा आला.

शहराचं नाव आता अहिल्यानगर आहे. एसटीचे कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतात.

नगरमध्ये मिशनच्या खुणा शोधाव्या लागत नाहीत. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ मध्ये आले आणि १८३१ च्या डिसेंबरात नगरला पोचले : ग्रेव्हज, रीड आणि हार्वी. त्यातले हार्वी पुढच्याच वर्षी पटकीने गेले. सुरुवातीच्या काळात या मंडळींच्या हातात जे काम आलं ते आंधळ्या, लुळ्या, निराधार माणसांच्या आश्रयस्थानाचं. गावाने ज्यांना टाकलं होतं त्यांच्यापासून नगरच्या मंडळीची, म्हणजे ख्रिस्ती समाजाची, सुरुवात झाली.

मग शाळा आल्या. मिस सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या, तेव्हा एकट्या अविवाहित बाईने मिशनच्या कामासाठी समुद्र ओलांडणं त्यांच्या देशातही नवलाचं होतं. १८३९ मध्ये त्या नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि पुण्यात परतून आपली शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले तेही फॅरारबाईंकडे. भिडे वाड्याची गोष्ट आपण पुण्यापासून सुरू करतो, पण तिचं एक टोक नगरच्या या रस्त्यांवर आहे. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ही इथूनच निघाला. मराठीतल्या इतक्या जुन्या नियतकालिकांपैकी अजून चालू असलेली किती उरली आहेत?

गुरुवारी सकाळी ऊन चढायच्या आत जुन्या चर्चच्या आवारात बसले होते. तिथे एका निवृत्त शिक्षकांशी गाठ पडली. त्यांचे पणजोबा दुष्काळात ख्रिस्ती झाले, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, जराही संकोच न करता.

तो दुष्काळ १८७६ ते ७८ चा. दख्खनमध्ये माणसं रस्त्यावर मेली. त्यानंतर नगर जिल्ह्यातल्या महार आणि मांग वस्त्याच्या वस्त्या बाप्तिस्मा मागायला आल्या. पुन्हा १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ. नगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांनी त्या काळात मदतीचं जे काम उभं केलं त्याबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळालं. ह्यूम अमेरिकन, पण जन्म मुंबईचा. १९०० मध्ये अमेरिकेतल्या वर्गणीतून क्विटो नावाचं जहाज मका भरून न्यूयॉर्कहून मुंबईला आलं. अनाथाश्रम भरून गेले. विणकाम, सुतारकाम, गालिचे अशा कामांच्या शाळा निघाल्या, कारण वाचवलेल्या पोराला उद्या पोटापाण्याचा धंदाही हवा होता.

‘पोटासाठी बाटले’ हा शब्द या लोकांना तेव्हापासून चिकटला. भुकेल्या माणसाच्या हातावर भाकरी ठेवताना धर्माची अट असता कामा नये, आणि जिथे जिथे ती होती तिथे ते चूकच होतं. पण वस्त्यांवरच्या माणसांनी घेतलेला निर्णय निव्वळ भाकरीचा होता असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. ज्याला गावच्या विहिरीवर घागर टेकवता येत नव्हती, ज्याच्या मुलाला शाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती, त्याच्या मुलाला कुणी बाकावर बसवून पाटी हातात दिली, तर त्याने तो हात धरला यात त्याची अक्कल दिसते, लाचारी नाही. त्या शिक्षकांच्या घरातल्या चार पिढ्या शाळेत शिकवत आल्या. आणि मंडळीत येऊनही जात पुरती सुटली नाही, एका बाकावर बसणं आणि एका घरात मुलगी देणं यात अंतर राहिलं, हेही त्यांनीच सांगितलं.

दुपारी अहमदनगर कॉलेजात गेले. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी ते सुरू केलं. मिशनच्या वाढीतला माणूस, परदेशात शिकलेला, आणि ऐन स्वातंत्र्याच्या वर्षी परत येऊन स्वतःच्या गावी कॉलेज काढतो. तोवर या जिल्ह्यातल्या मुलाला पदवीसाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. गोऱ्या पाद्र्यांची जागा इथल्या माणसांनी घेतली ती कुठल्या एका दिवशी नव्हे. पण तारीखच लावायची तर मी हे वर्ष लावीन.

संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने वडाळा बहिरोबाला जाऊन आले. फेअरबँक या मिशनरी घराण्याचं हे जुनं ठाणं. दवाखाना, शाळा, चर्च, चिंचेची मोठी झाडं. शुक्रवारचा धागा इथेच आहे : १९६२ मध्ये या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर जोडपं रुजू झालं.

शुक्रवार, जामखेड

चिचोंडी पाटील, कडा, आष्टी. मध्येच बीड जिल्हा लागतो आणि जामखेडला पुन्हा नगर. पहाटेची गाडी धरली तरी पोचेपर्यंत पत्रे तापले होते. जामखेड राज्याच्या नकाशावर तेव्हाही कोपऱ्यात होतं, आजही रेल्वे नाही.

डॉ. रजनीकांत आरोळे याच जिल्ह्यातले, डॉ. मॅबेल मध्य प्रदेशातल्या. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले आणि खेड्यातल्या गरिबांसाठीच काम करायचं असं ठरवून १९६० मध्ये लग्न केलं. वडाळ्याच्या दवाखान्यात त्यांनी चार वर्षं जीव तोडून काम केलं, आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. हगवणीचं पोर बरं होऊन घरी जातं आणि तेच गढूळ पाणी पिऊन महिन्याभरात परत येतं. धनुर्वाताची बाळं, पंडुरोगाच्या बायका, कुपोषण. दवाखाना कितीही चांगला असला तरी आजाराचं मूळ गावात होतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन दोघांनी सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९७० मध्ये जामखेडला आले. सुरुवात जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या पडीक इमारतीत झाली.

मी मूळची इथे यायलाच निघाले होते असं म्हटलं तरी चालेल. आवार पाहिलं, दवाखाना पाहिला, जयपूर फूट आणि कॅलिपर बनवणारी कार्यशाळा पाहिली. पण सगळ्यात जास्त वेळ बसले ती ग्राम आरोग्य सेविकांजवळ. आता साठी-सत्तरी पार केलेल्या आज्या. डोक्यावर पदर, कपाळावर गोंदण, आणि बोलताना नजर थेट समोरच्याच्या डोळ्यांत.

ही कल्पना डॉक्टरांना एका फटक्यात सुचली नव्हती. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावांत पाठवल्या. त्या शहरी वळणाच्या, खेड्यात एकट्या राहायला घाबरत, आणि गावातल्या बायकाही त्यांच्याशी मोकळ्या होत नसत. तेव्हा गावातलीच बाई शिकवून तयार करा, अशी सूचना एका सरपंचाकडून आली. गावाने आपली बाई निवडायची. निवडल्या गेलेल्यांत अक्षरओळख नसलेल्या पुष्कळ होत्या, दलित वस्तीतल्या होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. दर आठवड्याला जामखेडला यायचं, मुक्काम करायचा, एकेक गोष्ट शिकून गावी जायचं आणि तीच इतरांना शिकवायची. सुरक्षित बाळंतपण, नाळ कापायचं स्वच्छ साहित्य, हगवण लागली की मीठ-साखर-पाणी, बाळाचं वजन, लस, क्षय आणि कुष्ठाची लक्षणं.

मुक्कामात जातीचा प्रश्न आलाच. मराठा बाई आणि महार बाई शेजारी कशा झोपणार? आरोळ्यांनी भाषण दिलं नाही. गोधड्या जोडून एक भली मोठी गोधडी शिवून घेतली आणि सगळ्यांना एकाच पांघरुणाखाली झोपवलं. मी हे आधी वाचलं होतं. प्रत्यक्षात एका आजींकडून ऐकलं तेव्हा त्या हसत होत्या. पहिल्या रात्री कुणाला झोप लागली नाही म्हणे. थंडी वाजली की सगळ्या आपोआप जवळ सरकल्या.

पाण्याची गोष्ट इथेही आहेच. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या बदल्यात धान्य, लहान मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाक आणि कूपनलिका असं काम चालू होतं. हातपंप कुठे बसवायचा हा प्रश्न आला तेव्हा आरोळे दांपत्याने तो जाणीवपूर्वक दलित वस्तीत बसवायचा आग्रह धरला. दुष्काळात दुसरं पाणी नव्हतं. सबंध गावाला घागरी घेऊन वस्तीत यावं लागलं. नगरला पणजोबांच्या काळातली विहीरबंदी ऐकून आलेल्या मला हे ऐकताना काय वाटलं असेल! महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये जे मागितलं गेलं, ते इथे पंचेचाळीस वर्षांनी एका हातपंपाने थोडंसं घडवलं, मोर्चा नाही, मारामारी नाही.

आकडाही सांगायला हवा. १९७१ मध्ये प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत जात. नव्वदच्या दशकात हे प्रमाण ३० च्या खाली आलं. यात मोठी यंत्रं नव्हती. शेतकरी मंडळं, महिला विकास मंडळं आणि या आज्या होत्या. १९७९ मध्ये आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे डॉक्टर शिकायला येऊ लागले आणि वर्ग घ्यायला समोर सेविका बसू लागल्या. त्यांतल्या मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनला परिषदेत बोलायला गेल्या होत्या. त्यांनी सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून सांगितलं की डॉक्टर असे असतात, सुंदर, महाग आणि हाताला न येणारे. मग दोन पणत्या काढल्या, एक लावली आणि तिच्यावरून दुसरी पेटवली. आरोग्य सेविका कशी असते याची याहून चांगली व्याख्या मला कुठे सापडलेली नाही.

मॅबेलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. त्यांची मुलं काम पुढे चालवत आहेत. आता सरकारी आशाताई गावोगाव आहेत, आणि मी विचारलं की मग तुमचं काम संपलं का? एका आजींनी उत्तर दिलं की आशाला कागद फार भरावे लागतात, बिचारीला बसून बोलायला वेळ कुठाय. देशभर योजना नेताना सेविका नेल्या, पण त्यांचा तो दर आठवड्याचा मुक्काम, शिकणं, एकमेकींना धीर देणं, हे मागेच राहिलं. जामखेडचं खरं बळ त्यात होतं असं माझं ठाम मत झालं आहे.

शनिवार, केडगाव

कर्जत, श्रीगोंदा करत दौंड, आणि तिथून पुण्याकडच्या गाडीने केडगाव. स्टेशनपासून पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन जवळच आहे.

रमाबाईंबद्दल आपण शाळेत चार ओळी वाचतो आणि त्यात दुष्काळाचा उल्लेख नसतो. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचं कुटुंब पुराण सांगत देशभर फिरत असे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेले. रमा आणि भाऊ श्रीनिवास झाडपाला खात, चालत चालत कलकत्त्याला पोचले. तिथे तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं गेलं, पण अन्नावाचून तळमळणारी आई तिने पाहिली होती. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं तेव्हा ही बाई तिकडे धावली ती त्यामुळे. रस्त्यावर, आश्रयछावण्यांत मुली मरत होत्या, विकल्या जात होत्या. रमाबाईंनी सुमारे ३०० जणी आणल्या.

पुण्यात तेव्हा प्लेग. इतक्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना. केडगावला आधी घेतलेली शंभर एकरांच्या आसपास जमीन होती. शारदा सदन या रमाबाईंच्या पुण्यातल्या विधवांच्या शाळेला उत्पन्न व्हावं म्हणून तिथे फळबाग लावायचं चाललं होतं. ओसाड माळ, काही झाडं आणि विहिरी. तंबू ठोकून मुली तिथे आणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्या माणसांना पाजणारं पाणी त्या विहिरींनी पुरवलं, त्याच दुष्काळात. आवारातल्या एका जुन्या विहिरीच्या काठावर मी बराच वेळ उभी होते. बांधीव दगड, आत उतरणाऱ्या पायऱ्या.

मुक्तीत मुलींना नुसतं सांभाळलं गेलं नाही. माग होते, तेलघाणी होती, गोठा, शेती, शिवण, छापखाना. खिळे जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, बांधणी करणाऱ्या सगळ्या बायका. अंध मुलींसाठी रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई यांनी ब्रेल शिकून शाळा काढली. रमाबाईंनी म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, आणि ते या बायकांनी छापलं. मनोरमा १९२१ मध्ये गेली, आई पुढच्या वर्षी ५ एप्रिलला, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

पुण्याने रमाबाईंना कसं वागवलं हेही इथे आठवतंच. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होतायत म्हणून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने झोड उठवली. सदनाने धर्माबाबत तटस्थ राहायचं वचन दिलं होतं, म्हणून त्या मंडळींचा आक्षेप मला पूर्ण गैरलागू वाटत नाही. केडगावात मात्र कसली लपवाछपवी नव्हती. इथे रमाबाई उघडपणे ख्रिस्ती होत्या आणि मुक्तीही. ज्या मुलींना इथे आणलं त्यांना घेऊन जायला त्या वेळी दुसरं कुणी आलं नव्हतं, हे कुठल्याही टीकाकाराला खोडता आलेलं नाही.

आजही इथे निराधार मुली-बायका राहतात. एका इमारतीपुढे लहान मुलींचा खेळ रंगला होता, म्हणून तिकडे कॅमेरा काढला नाही. जाणाऱ्यांनी आधी कळवून, परवानगी घेऊन जावं. ही माणसांची राहती घरं आहेत.

रविवार, मिरज

केडगावहून पुण्यात येऊन रात्रीची गाडी धरली. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं. ते कॅनडाचे, काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं, जागा मिळाली ती संस्थानिकांच्या औदार्याने. रेल्वेचं जंक्शन असल्याने लांबून लांबून रोगी येत, आणि मिरज पुढे वैद्यकीचं गाव झालं त्याचं मूळ या रुग्णालयात आहे. कुष्ठरोग्यांसाठी वेगळं रुग्णालय, वानलेसवाडीला क्षयाचं आरोग्यधाम, आणि इथल्याच तरुणांना डॉक्टर करणारी शाळा. १९२८ मध्ये त्यांना सर किताब मिळाला आणि त्याच सुमारास ते परत गेले. १९३३ मध्ये वारले.

कृष्णेच्या काठी असल्याने मिरज या पट्ट्याच्या बाहेर पडतं, पण दुष्काळाशी त्याचं नातं तुटलेलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी घेऊन जाणारी ‘जलदूत’ रेल्वे इथल्याच यार्डात भरली गेली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. स्टेशनवरच्या एका हमालदादांनी ती गाडी निघाली तेव्हाची गर्दी सांगितली, आणि मी त्यांना मनमाडची पिंपं सांगितली. लातूरला रेल्वेने पाणी मिळालं, मनमाडला रेल्वे असून का नाही, असं त्यांनी विचारलं. परतीच्या गाडीला तासभर अवकाश होता, म्हणून आम्ही त्यावर बोलत बसलो.